मोठ्या माणसांची शाळा

मुंबईतील लालबाग, परळ, वरळी या भागांत एके काळी कापडगिरण्यांची उंच धुरांडी दिसत असत. या भागाला लोक गिरणगाव म्हणत. कोकणातून व घाटावरून आलेली हजारो माणसे तेथे पाळीपाळीने राबत. त्यांतील कित्येकांना लिहिता-वाचता येत नसे. पगाराच्या दिवशी असा कामगार शाईने माखलेला अंगठा कागदावर उठवी. त्या कागदावर किती रक्कम मांडली आहे आणि त्यातून काय कापून घेतले आहे, हे त्याला कळत नसे. गावाहून आलेले पत्रही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. घरातले आजारपण, सावकाराचा तगादा अशा खाजगी गोष्टी आधी परक्याला कळत आणि मग त्याला!

ही उणीव काही थोर माणसांच्या फार पूर्वीच ध्यानात आली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. तिने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. १९३९ साली मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षण समिती स्थापन झाली आणि कामगारवस्तीत साक्षरतेचे वर्ग भरू लागले.

मुलांनो, तुम्हांला वाटेल, लहान मुलांना शिकविण्यापेक्षा मोठ्यांना शिकविणे सोपे असेल. पण तसे नाही. दिवसभर यंत्राच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसतो, तेव्हा त्याचे डोळे मिटू लागतात. साच्यावर तुटलेला धागा क्षणात जोडणारी त्याची बोटे पेन्सिल धरताना अवघडतात. याहूनही मोठी अडचण म्हणजे लाज. आपल्या मुलाच्या वयाच्या शिक्षकापुढे चुकण्याचा त्याला संकोच वाटतो. म्हणून अशा वर्गात कोणाला रागावून चालत नाही.

परंतु या विद्यार्थ्याजवळ एक मोठी शिदोरी असते. त्याला हजारो शब्द येतात. तो अभंग म्हणतो, बाजारातला हिशेब तोंडी करतो. त्याला भाषा शिकवावयाची नसते. भाषेची चिन्हे तेवढी ओळखावयास शिकवावयाची असतात. म्हणून पुष्कळ शिक्षक त्याला 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतची सारी अक्षरे घोकावयास लावीत नाहीत. वळणाने जवळची असलेली ग, म, भ, न ही अक्षरे ते आधी घेतात. एवढ्यावरच 'मग', 'मन', 'नभ', 'गगन' हे शब्द वाचता येतात. त्यांना काना जोडला, की 'मामा', 'नाना', 'मान', 'भाग' हेही शब्द तयार होतात. पहिल्या काही दिवसांतच आपल्याला वाचता येते, असा धीर त्याला येतो. मग रोजच्या कामातले शब्द घ्यावयाचे : सूत, साचा, पाळी, पगार. 'धोका' हा शब्द तर प्रत्येक कामगाराला वाचता आलाच पाहिजे, कारण त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

यानंतर तो सही शिकतो. मात्र केवळ सही येणे म्हणजे साक्षरता नव्हे. चित्र काढावे तशी सही गिरविणारा माणूस, न वाचताच एखाद्या कर्जाच्या कागदावर ती करून बसला, तर अंगठा काय आणि सही काय, दोन्ही सारखीच! आधी वाचावे, समजून घ्यावे आणि मगच सही करावी, हे त्या वर्गात शिकवावे लागते. तसेच, शिकलेले टिकविण्यासाठी वाचन चालू ठेवावे लागते. सराव सुटला, तर वर्ष-दोन वर्षांत अक्षरे पुसट होतात. याकरिता वर्गाच्या जोडीला वाचनालय हवे आणि तेथे ठळक अक्षरांतील सोपी पुस्तके हवीत.

असे प्रयत्न खेड्यांतही झाले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावेच्या गावे साक्षर करण्याचा ध्यास लोकांनी घेतला. १९५१ च्या जनगणनेत भारतात शंभरांतील सुमारे १८ माणसे साक्षर होती. २०११ साली हे प्रमाण ७३ पर्यंत पोहोचले. गिरणगावातील बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतरच्या काळात बंद पडल्या. परंतु इमारतींच्या बांधकामावर, वीटभट्टीवर, शेतात अंगठा उठविणारी माणसे अजूनही आहेत.

तुमच्या ओळखीत असे कोणी आजोबा, मावशी किंवा काका असतील. त्यांना हसू नका. त्यांच्या कष्टांवर आपले घर आणि गाव उभे असते. सवडीने त्यांच्याजवळ पाटी घेऊन बसा आणि त्यांचेच नाव प्रथम लिहून दाखवा. ते नाव स्वतःच्या हाताने उमटल्यावर त्यांच्या मुखावर जो आनंद दिसेल, तो पाहून विद्या दिल्याने वाढते, या म्हणण्याचा अर्थ तुम्हांला कळेल.