रक्तपरीक्षेची साक्ष

ज्या गोष्टींचा उच्चारही सभ्य घरांत टाळला जातो, त्यांत गुह्यरोगांची परीक्षा ही एक होय. परंतु हल्लीं गर्भवतीचें रक्त उपदंशासाठीं व एचआयव्हीसाठीं तपासण्याचा प्रघात आहे. तेव्हां तो कागद कोणत्याही कुलीन घरीं येणारच. त्यावर विश्वास कितपत ठेवावा, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

नैयायिक पर्वतावरील धूर पाहून अग्नीचें अनुमान करितात. पण धुक्यालाच धूर समजल्यास तें अनुमान फसतें. उपदंशाच्या नेहमींच्या परीक्षेचें असेंच आहे. १९०५ सालीं शौडिन व हॉफमन यांस या रोगाचा जंतु सांपडला, आणि १९०६ सालीं वासरमान यांनीं सहकाऱ्यांसह त्याची रक्तपरीक्षा शोधून काढिली. तींत प्रथम रोगग्रस्त गर्भाच्या यकृताचा अर्क वापरीत. मागाहून असें आढळलें कीं, निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तेंच काम करितो! अर्थात् ही परीक्षा जंतूस पाहत नाहीं. शरीरांत उठलेल्या एका प्रतिक्रियेस पाहते. तिच्याच कुळांतील व्हीडीआरएल परीक्षा आजही चालू आहे. आणि गर्भारपण, हिवताप, कुष्ठ, ल्यूपस यांतही ती कधीं कधीं खोटा होकार देते. म्हणून तिच्या पाठोपाठ, त्या जंतूच्याच विरुद्ध उत्पन्न झालेलीं प्रतिपिंडें शोधणारी टीपीएचए परीक्षा करावयाची असते.

आमच्या परिचयांतील एका घरीं सुनेचा पहिला कागद येतांच तिला माहेरीं धाडण्याची भाषा सुरू झाली. आठ दिवसांनीं दुसऱ्या परीक्षेवरून तिला रोगच नाहीं असें ठरलें. पण मधल्या आठ दिवसांतील शब्द परत कोण घेणार?

वाचकांनीं एक सोपें गणित करून पाहावें. दहा हजार माणसांत २० रोगी आहेत. परीक्षेंतून त्यांपैकीं एकही सुटत नाहीं, आणि शंभर निरोगी माणसांत ती एकदांच चुकते, असें धरूं. तरी २० खऱ्या होकारांबरोबर सुमारें १०० खोटे होकार येतील. म्हणजे दर सहांत पांच निरोगी! पहिली परीक्षा ही केवळ चाळणी आहे. म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा दंडक असा कीं, लक्षणें नसलेल्या माणसास तीन निरनिराळ्या परीक्षांचा होकार आल्यावांचून एचआयव्हीबाधित ठरवूं नये.

उलट बाजूनेंही फसगत होते. बाधा होतांच रक्त बोलूं लागत नाहीं. शिरेंतील रक्ताच्या प्रतिजन-प्रतिपिंड परीक्षेंत एचआयव्ही दिसण्यास १८ ते ४५ दिवस लागतात. केवळ प्रतिपिंडांच्या परीक्षेंत २३ ते ९०. पहिल्या आठवड्यांतील नकारावर विसंबणें हें जितकें चूक, तितकेंच मुदत भरल्यानंतरच्या नकारावर अविश्वास ठेवून, नवा प्रसंग घडला नसतांही, पुनःपुनः रक्त देत राहणें व्यर्थ होय.

होकार खरा ठरला तरी धीर सोडूं नये. उपदंश पेनिसिलिननें बरा होतो, व वेळीं उपचार झाल्यास गर्भाचेंही बहुधा रक्षण होतें. एचआयव्ही नित्य औषधानें ताब्यांत राहतो. शिवाय रोग कोणाकडून आला, हें स्त्रीच्या रक्तावरून कळत नाहीं. यास्तव पतीनेंही आपलें रक्त तपासून घ्यावें, पहिला कागद डॉक्टरांच्या हातीं द्यावा, आणि दुसऱ्या परीक्षेपर्यंत घरांतील वडील मंडळींनीं जिभेस आवर घालावा. रक्तपरीक्षा रोगाची साक्ष देते. शीलाचा निवाडा तिच्याकडून मागूं नये.