दुकानातील कॅमेरा आणि ग्राहकाचा खासगीपणा

किराणा दुकानापासून सराफी पेढीपर्यंत आज अनेक ठिकाणी गल्ल्याच्या वर एक छोटा कॅमेरा बसविलेला आढळतो. चोरीस आळा बसावा, रोख व्यवहारावर लक्ष राहावे आणि गुन्हा घडल्यास पुरावा मिळावा, हे त्यामागील हेतू रास्तच आहेत. तथापि, मालाची राखण करणे आणि माणसावर पाळत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांमधील सीमारेषा कायद्याने कोठे आखली आहे, हे दुकानदार व ग्राहक या दोघांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

हक्काचा पाया

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग होय. मूलभूत हक्क मुख्यत्वे शासनसंस्थेविरुद्ध बजावता येतात. खासगी व्यावसायिकांवर बंधन घालण्यासाठी स्वतंत्र कायद्याची गरज होती. त्या दिशेने संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून, मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे.

ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते, ती या अधिनियमानुसार वैयक्तिक माहिती ठरते. कॅमेऱ्याने टिपलेला स्पष्ट चेहरा अर्थातच त्यात येतो. अशी माहिती बाळगणाऱ्यास अधिनियमाने विश्वस्ताचे स्थान दिले आहे. दुकानातील यंत्र दुकानदाराच्या मालकीचे असले, तरी त्यातील ग्राहकाची प्रतिमा ही त्याच्याकडे सोपविलेली ठेव होय. ज्या कारणासाठी ती घेतली त्याच कारणासाठी वापरणे, ती सुरक्षित राखणे आणि कारण संपताच नष्ट करणे, ही विश्वस्ताची कर्तव्ये आहेत. सुरक्षिततेची वाजवी दक्षता न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

जेथे कॅमेरा गुन्हा ठरतो

कपडे बदलण्याची खोली व प्रसाधनगृह येथे कोणतेही कारण ग्राह्य धरले जात नाही. खासगी क्षणी असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये गुन्हा आहे. पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे कारावास व दंड होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ई चे संरक्षण स्त्री व पुरुष दोघांनाही आहे. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यात कांदोळी येथील एका कापड दुकानातील कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याची तक्रार झाली, तेव्हा हा प्रश्न देशभर चर्चिला गेला.

दुकानदाराची दक्षता

‘येथे कॅमेरा चालू आहे’ असा ठळक मराठी फलक प्रवेशद्वारी लावावा. त्यावर कॅमेऱ्याचा हेतू व तक्रार कोणाकडे करावी हे लिहावे. कॅमेऱ्याचा रोख गल्ला, मांडण्या व प्रवेशद्वार यांवर असावा, शेजारच्या घराच्या खिडकीवर नसावा. कॅमेऱ्याबरोबर आलेला मूळ पासवर्ड न बदलल्यास परका इसम दूरवरूनही दृश्ये पाहू शकतो. राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील चित्रण इंटरनेटवर विक्रीस आल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. त्या तपासात अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील व्यक्तीही होत्या. संशयित म्हणून एखाद्या ग्राहकाचे चित्रण गावच्या मोबाईल गटांवर फिरविणेही गैर आहे. ते पोलिसांच्या स्वाधीन करावे.

ग्राहकाने काय करावे

लपविलेला कॅमेरा आढळल्यास त्यास हात न लावता ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. तक्रारीस विलंब करू नये, कारण साठवण भरताच यंत्र जुन्या चित्रणावर नवे चित्रण करते व पुरावा पुसला जातो. यास्तव चित्रण जपून ठेवण्याची मागणी दुकानदाराकडे त्याच दिवशी लेखी करावी.

ग्रामपंचायत सदस्यांनी बाजारपेठेतील व्यापाऱ्यांची बैठक घेऊन आणि शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला ही माहिती दिल्यास, कायद्याचे संरक्षण खेड्यातील ग्राहकापर्यंत पोहोचेल. ग्राहकाचा विश्वास ही दुकानदाराची खरी पुंजी आहे. कॅमेऱ्याने मालाबरोबर तीही राखली पाहिजे.