विषय ठरला नसताना अर्ज

दहावीचा निकाल लागला की शास्त्र, वाणिज्य की कला, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी उभा राहतो आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने त्याचे उत्तर चार दिवसांत द्यावे अशी अपेक्षा असते. अशा घरातील मुले अमेरिकेतील महाविद्यालयांकडे अर्ज करू लागली की वडील मंडळी चकित होतात. मुख्य विषय कोणता, या प्रश्नास ‘अद्याप ठरलेला नाही’ असे उत्तर देण्याची मुभा तेथे पुष्कळ ठिकाणी असते.

ही मुभा म्हणजे ढिलाई नव्हे. चार्ल्स एलियट हे १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरीव अभ्यासक्रमाऐवजी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्यांना दिले. त्याचा अतिरेक झाला. तेव्हा १९०९ साली त्यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी एका विषयाचा सखोल अभ्यास व इतर विषयांचा परिचय असा मेळ घातला. आजही हार्वर्डमध्ये मुख्य विषय दुसऱ्या वर्षी सांगावयाचा असतो. मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत तर पहिल्या वर्षी कोणाचाच विषय ठरलेला नसतो.

तथापि सर्वत्र असेच असेल असे मानणे धोक्याचे. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकशास्त्राचे बहुतेक विद्यार्थी पहिल्या अर्जातूनच घेतले जातात. मागाहून त्या शाखेत शिरणे फार कठीण. अभियांत्रिकी व परिचर्या या शाखांचेही अनेक ठिकाणी तेच. म्हणून मनात घोळणाऱ्या विषयांपैकी सर्वांत अरुंद दार कोणत्या विषयाचे, हे त्या त्या संस्थेच्या नियमांत आधी पाहावे. विषय बदलता येतो काय व कोणत्या अटींवर, हे प्रवेश कार्यालयास विचारण्यात संकोच कसला?

प्रवेशानंतरही एक दक्षता हवी. इतिहास वा साहित्य दुसऱ्या वर्षी हाती घेता येते. कलनगणित व भौतिकी यांच्या पायऱ्या मात्र क्रमानेच चढाव्या लागतात. अभियांत्रिकीचा विचार मनात असून पहिल्या सत्रात गणित टाळले, तर एखादे सत्र वाढण्याचा संभव असतो, आणि त्या सत्राचे शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते.

अर्जासोबतच्या निबंधात ‘मला सर्वच आवडते’ एवढेच लिहू नये. नदीच्या पुराच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीला भूगोल ओढतो की संख्याशास्त्र, हे ठरलेले नसेल. पण त्या नोंदींविषयी सांगण्यासारखे तिच्याजवळ पुष्कळ असते. तेच तिने लिहावे.