आंतरराष्ट्रीय राजकारण कोणी शिकावे?

आंतरराष्ट्रीय राजकारण हा कॉलेजात शिकण्याचा विषय आहे असे सांगितले की आमचे कामगार बंधू हसतात. ते वकिलातीतल्या साहेबलोकांचे काम, असे त्यांना वाटते. तेव्हा हा विषय निघाला कोठून, ते आधी पाहू.

या विषयाचे जगातले पहिले अध्यासन १९१९ साली वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहान गावी स्थापन झाले. महायुद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या दोघी बहिणी यांनी २०,००० पौंड दिले. पैसा आजोबांच्या कोळशाच्या खाणींचा. युद्धांची कारणे अभ्यासली म्हणजे ती टळतील, अशी दात्याची श्रद्धा होती, आणि ती प्रामाणिक होती.

त्याच वर्षी त्याच वेल्समधून अन्यूरिन बेव्हन हा तरुण खाणकामगार लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात गेला. त्याची शिष्यवृत्ती खाणकामगारांच्या युनियनची, म्हणजे वर्गणीच्या पैशांची. हे कॉलेज तर १९०९ मध्ये ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजातील कामगार विद्यार्थ्यांनी केलेल्या संपातूनच निघाले होते! पुढे १९४८ साली ब्रिटनमध्ये सर्वांना मोफत औषधोपचार मिळू लागले, ते याच बेव्हनच्या मंत्रिपदाच्या काळात.

इकडे अ‍ॅबरिस्टविथला १९३६ साली ई. एच. कार प्राध्यापक झाले. दात्याला ही नेमणूक रुचली नव्हती; त्याचे कारण १९३९ च्या कार यांच्या ग्रंथात दिसते. शांततेत सर्वांचेच हित सारखे आहे, हा सिद्धांत ज्या राष्ट्रांचे पोट भरले आहे त्यांच्या सोयीचा असतो, असे ते म्हणतात. आम्हां युनियनवाल्यांना हे ओळखीचे वाटते. बोनसच्या बोलणीत मालक 'गिरणी आपल्या सर्वांचीच' असे म्हणाला की आम्ही जमाखर्च मागतो. मात्र कार यांनाही डोळे मिटून मानू नये. म्युनिकच्या तडजोडीला पहिल्या आवृत्तीत त्यांनी चांगले म्हटले होते; १९४६ च्या आवृत्तीत तो मजकूर गळला.

आपल्याकडचे काय? १९१९ सालीच आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या पहिल्या परिषदेस ना. म. जोशी वॉशिंग्टनला गेले; पण हिंदी कामगारांचा हा प्रतिनिधी सरकारने नेमलेला होता. जोशी माणूस मोलाचा, तरी नेमणार कोण, हा प्रश्न उरतोच. पुढच्या वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, त्यामागे हा प्रतिनिधी आपण निवडावा, हेही एक कारण होते.