उतारावरचा अंदाज : चालकाने मनाचे कधी ऐकावे?

पनवेल/प्रतिनिधी

पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागलेला ट्रक शिरढोण मागे टाकतो आणि काही मिनिटांतच कर्नाळ्याच्या खिंडीत शिरतो. डाव्या-उजव्या बाजूला अभयारण्याची दाट झाडी, वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि समोर वळणाचा रस्ता. मोटारीतून जाणाऱ्या सहलकऱ्याला हा प्रवासातील रम्य टप्पा वाटतो. नागोठणे, रोहा, महाड, लोटे येथील कारखान्यांचा माल वाहणाऱ्या ट्रकचालकाला मात्र येथे वेगळेच काही दिसत असते. झाडांच्या सावलीत न वाळलेला ओला पट्टा, रस्त्यावर उतरलेली माकडे, अभयारण्याच्या दारापाशी अचानक वळणारी पर्यटकांची गाडी आणि आपल्या पाठीवरचे काही टनांचे ओझे, या साऱ्याचा हिशेब त्याला एकाच वेळी मांडावा लागतो. हा हिशेब कागदावर होत नाही, तो अंदाजाने होतो.

बोरघाटाच्या तुलनेत कर्नाळ्याची खिंड लहान. चढ फार उभा नाही, उतारही लांबलचक नाही. धोका नेमका तेथेच असतो. मोठ्या घाटात चालक सावध होऊनच शिरतो, लहान खिंडीत तो सवयीने शिरतो. ही सवय आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेली जाणीव या दोन्ही गोष्टी मनातून एकाच आवाजात बोलतात. त्यांतील कोणत्या आवाजावर विश्वास टाकावा, हे बहुतेक चालक एखादी महागडी चूक झाल्यावरच शिकतात. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५ हजार २२४ जणांचा बळी गेला. अशा रस्त्यांवर हा धडा चुकीतून शिकायला सोडून देणे परवडणारे नाही.

अंदाज म्हणजे नेमके काय?

अनुभवी चालकाला 'गाडीत काहीतरी बिघडले आहे' असे वाटते, पण काय ते लगेच सांगता येत नाही. यात चमत्कार काही नाही. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. आगीसमोर उभे असताना हे अधिकारी पर्यायांची तुलना करत बसत नाहीत. पूर्वी पाहिलेल्या शेकडो प्रसंगांशी समोरचे दृश्य जुळते की नाही, हे त्यांचे मन क्षणार्धात ताडते आणि जुळत नसेल तर अस्वस्थ होते, असे त्याला आढळले. ट्रकचालकाचा अंदाजही याच जातीचा. इंजिनाचा सूर, स्टिअरिंगमधून हाताला येणारी थरथर, सीटखाली जाणवणारा झोल, लायनरचा वास यांची नोंद मन ठेवत जाते. नेहमीच्या नमुन्यात फरक पडला की बुद्धीला कारण कळण्याआधी शरीराला तो फरक कळतो.

मात्र असा प्रत्येक अंदाज खरा असतोच असे नाही. नोबेल पारितोषिक विजेते डॅनिएल काहनमन अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारे, तर क्लाइन तिचे समर्थक. या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहून दोन अटी सांगितल्या. ज्या क्षेत्रात खुणा नियमित आणि भरवशाच्या असतात आणि चुकीचे उत्तर लवकर व स्पष्टपणे मिळते, तेथेच अनुभवातून आलेला अंदाज विश्वासार्ह ठरतो. या अटी पूर्ण होत नसतील, तर वर्षे कितीही गेली तरी वाढतो तो केवळ आत्मविश्वास. ट्रकचालकाच्या कामाला ही कसोटी लावली, तर त्याने मनाचे कोठे ऐकावे आणि कोठे ऐकू नये, याचे बरेच स्पष्ट उत्तर मिळते.

तापलेला ब्रेक आधी सांगतो

ब्रेकच्या बाबतीत या दोन्ही अटी पुष्कळ अंशी पूर्ण होतात. उतारावर गाडी जितकी खाली येते, तितकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एक साधा हिशेब करून पाहता येईल. लोणावळा आणि खोपोली यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक आहे. २५ टन वजनाची गाडी एवढी उंची उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात चारशे लिटरहून अधिक पाणी उकळीला येऊ शकते. इंजिनाने यातील वाटा उचलला नाही, तर जवळजवळ सारी उष्णता ब्रेकच्या ड्रमांवर आणि लायनरवर पडते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटत जाते आणि पूर्वीच्याच दाबाला गाडी कमी आवरते.

ही प्रक्रिया एका क्षणात घडत नाही. पायाला ब्रेक जास्त दाबावा लागणे, जळका वास, चाकांतून येणारा धूर, हवेच्या दाबाचा काटा खाली येणे, अशा खुणा ती आधी देते. ज्या चालकाने एकदा हा वास येऊनही गाडी पुढे रेटली आणि लायनर, ड्रम, टायर यांचा खर्च भाड्यातून भरला, तो पुढच्या वेळी पहिल्याच वासाला गाडी बाजूला घेतो. 'गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढते, त्याच गिअरमध्ये उतरवावी' हा जुन्या चालकांचा नियम अशाच चुकांतून जन्मला. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना मागे ओढते आणि ब्रेकला विश्रांती मिळते. एक्झॉस्ट ब्रेकचे कामही हेच. येथे चालकाचा अंदाज खरा असतो आणि तो ऐकायलाच हवा.

वळणावरचे ओझे

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर पनवेल-उरण परिसरातील रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची वाढती वर्दळ सुरू झाली. कंटेनरला सील असते. आत माल कसा रचला आहे, जड पेट्या एका बाजूला तर गेल्या नाहीत ना, हे चालकाला दिसत नाही. गाडी पहिल्या दोन-तीन वळणांवर कशी झुकते आणि झुकल्यावर किती वेळात सावरते, एवढ्यावरूनच त्याला ते ओळखावे लागते. अर्धवट भरलेल्या टँकरचे दुखणे याहून वेगळे. वळणावर आतला द्रव बाहेरच्या कडेला धाव घेतो आणि चालकाने गाडी सावरल्यानंतरही हिंदकळत राहतो.

वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने तेच वळण घेतले, तर हा जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. हे गणित न शिकलेल्या चालकालाही 'गाडी हलकी झाली' ही भावना चांगली ठाऊक असते. आतल्या बाजूची चाके रस्त्यावरचा भार सोडू लागल्याची ती खूण होय. कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारी कोपऱ्यांवरची लॉक नीट बसली नसतील, तर या खुणेनंतर फार वेळ उरत नाही. म्हणून कर्नाळ्याकडे निघालेल्या चालकाने गाडीचा झोल पळस्पे ते शिरढोण या तुलनेने सरळ टप्प्यातच ओळखावा आणि शंका आल्यास खिंडीपूर्वी थांबून लॉक, दोरखंड व टायर तपासावेत. खिंडीत शंका येऊन उपयोग नसतो, तेथे थांबायलाही जागा अपुरी असते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींत ही दक्षता अधिक हवी. रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल पाण्यात मिसळून जो निसरडा थर होतो, तो मुसळधार पावसापेक्षाही फसवा असतो.

न्यूट्रलचा मोह

आता अनुभवाची दुसरी बाजू. उतारावर गाडी न्यूट्रल केली किंवा इंजिनच बंद केले तर डिझेल वाचते, असे मानणारे चालक आजही आहेत. ही समजूतही अनुभवातूनच आलेली असते. शंभर वेळा उतार असा उतरला, शंभर वेळा काही झाले नाही, आणि थोडे पैसे सुटल्याचे समाधान प्रत्येक वेळी मिळाले. येथे रस्त्याने चुकीला शिक्षा तर दिली नाहीच, उलट बक्षीस दिले. काहनमन आणि क्लाइन यांची दुसरी अट येथे मोडते.

पुण्यात २० नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबई-बंगळुरू महामार्गावर, नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद झाले की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. टाकीत उरलेली हवा प्रत्येक ब्रेकगणिक कमी होत जाते, स्टिअरिंग जड होते आणि वेग आवरायला गिअरचाही आधार राहत नाही. ब्रेक नेमके कोठे निकामी होतील, हे मात्र चालकाच्या हाती नसते. धुळे जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गावरील पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांना प्राण गमवावे लागले. बेफाम झालेल्या गाडीची किंमत बहुधा चालकापेक्षा रस्त्यावरचे इतर लोकच मोजतात.

झोपेचा अंदाज खोटा

सर्वांत फसवा अंदाज झोपेचा. 'अजून तासभर सहज जाईन' असे मन सांगते, तेव्हा ते सांगणारा मेंदूच थकलेला असतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सलग दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहूनही कमी झोप दिली. त्यांची सावधता दिवसेंदिवस घसरत जाऊन अखेर सलग जागरण केलेल्या माणसासारखी झाली. आपण विशेष झोपाळलेलो नाही, असेच मात्र त्यांना वाटत राहिले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये असे दाखवून दिले होते की, सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाच्या हालचालींतील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घसरते. भारतात वाहनचालकासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेतलेला चालक केवळ जागरणाने या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो.

पहाटे दोन ते पाच-सहा हा काळ शरीराच्या घड्याळातला सर्वांत सुस्त काळ. आंब्याच्या हंगामात रत्नागिरी-देवगडहून वाशीच्या बाजारपेठेकडे रात्रभर धावणाऱ्या गाड्या अशाच सुमारास रायगड जिल्ह्यातून जात असतात. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी ५० मीटर अंतर चालकाविना कापते. कर्नाळ्याच्या वळणांवर तेवढे अंतर पुरेसे असते. म्हणून झोपेबाबत मनाला विचारू नये, घड्याळाला विचारावे. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी जाग आल्यासारखे वाटते, झोपेची उधारी फिटत नाही. सुरक्षित जागी गाडी लावून घेतलेली वीस मिनिटांची डुलकी यांपेक्षा कितीतरी उपयोगी.

क्लीनरची शाळा

चांगला अंदाज तयार व्हायला चुका लागतात, पण त्या स्वतःच्याच असायला हव्यात असे नाही. पूर्वी चालक होण्याची वाट क्लीनरच्या जागेवरून जात असे. टायर ठोकून हवा ओळखणे, ताडपत्री बांधणे, जोडचाकांतील आतले चाक तपासणे, घाटात उस्ताद गिअर कधी बदलतो ते पाहणे, हे सारे वर्षानुवर्षे शेजारी बसून शिकले जाई. उस्तादाच्या चुका आणि त्यांची किंमत तरुण क्लीनरला फुकटात पाहायला मिळे. आता खर्च वाचवण्यासाठी अनेक गाड्यांत चालक एकटाच असतो. कायद्यानुसार हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर बाळगल्यावर मालवाहू वाहनासाठी शिकाऊ परवाना मिळू शकतो, परंतु भरलेल्या गाडीचा घाट वर्षभरात अंगवळणी पडत नाही. जुन्या शाळेची जागा कोणी भरून काढायची, हा प्रश्न वाहतूकदारांनी स्वतःला विचारायला हवा. नव्या चालकाच्या पहिल्या काही फेऱ्या जाणत्या चालकासोबत करणे आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची कोणालाही दोष न देता चर्चा करणे, हे दोन उपाय फार खर्चाचे नाहीत.

थांबण्याचा अधिकार

अंदाज खरा असूनही चालक तो मानत नाही, याचे कारण अनेकदा अज्ञान नसते. माल उशिरा पोचला तर भाडे कापले जाईल, मालकाचा फोन येईल, पुढची फेरी हातची जाईल, ही भीती जळक्या लायनरच्या वासापेक्षा प्रबळ ठरते. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ पासून २०२५ पर्यंत अस्तित्वात होता. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांच्या कामाची सर्वसाधारण मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद होती. मात्र एकेक-दोनदोन गाड्यांच्या मालकांत विखुरलेल्या या व्यवसायात पाच किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी केलेला हा कायदा किती जणांपर्यंत पोचला असेल, याची कल्पना करता येते.

मालाची वेळ ठरवणाऱ्याने चालकाच्या थांबण्याचीही वेळ त्यात धरली, तरच त्याच्या अनुभवाला किंमत राहील. चालकापुरता धडा थोडक्यात असा सांगता येईल. गाडी, ओझे आणि रस्ता यांच्याविषयी मनात शंका आली की ती खरी धरून थांबावे. तपासणीत काही निघाले नाही, तर गेली ती दहा मिनिटे. झोप, वेग आणि डिझेलची बचत यांच्याविषयी मन 'काही होत नाही' असे सांगू लागले, की नियमाचेच ऐकावे. शंका घेणारा अंदाज बहुधा अनुभवातून येतो, निर्धास्त करणारा अंदाज बहुधा नशिबातून.