यादीतील कोऱ्या जागा

मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेकडे उतरून थोडे चालले म्हणजे जो रस्ता लागतो, त्याचे सरकारदप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या जिभेवरून अद्याप उतरलेले नाही. आणि ज्या फुटपाथांवर आमच्या पिढीने रेडिओचे सुटे भाग हुडकीत कैक दुपारी घालविल्या, तेथेच गेल्या पावसाळ्यात मी माझ्या भाच्याबरोबर गेमिंगचा तयार संगणक घेण्यास गेलो. बारावीनंतर हे यंत्र घेऊन देण्याचे वचन मीच दिले होते आणि वचनाची मुदत भरली होती. “मामा, सुटे भाग घेऊन जोडत बसायला नको, जोडलेलाच घेऊ,” असे तो म्हणाला, तेव्हा हे काम तासाभराचे आहे असा माझाही समज होता.

मुळात संगणक गल्लीबोळातील दुकानात जोडता येतो, याचे श्रेय आयबीएम कंपनीच्या घाईला आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेला आपला वैयक्तिक संगणक तिने बहुतांशी बाहेरच्या कारखान्यांतील तयार भागांपासून सिद्ध केला आणि त्याचा तांत्रिक तपशीलही छापून प्रसिद्ध केला. यंत्रास जागे करणारा ‘बायोस’ नामक आज्ञासंच तेवढा तिने स्वतःकडे राखला होता, परंतु त्याच्या बरहुकूम चालणारा आणि तरीही स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा संच १९८२ साली कॉम्पॅकने तयार केला आणि मक्तेदारीचा बांध फुटला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मापांचे प्रमाण घालून दिल्यावर एकाचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसू लागला, आणि लगोलग १९९६ मध्ये मायामी शहरात एलियनवेअर ही केवळ खेळासाठी यंत्रे जोडून विकणारी कंपनी निघाली, जी २००६ मध्ये डेलने विकत घेतली.

जोडून घ्यावा की जोडलेला घ्यावा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. जोडून घेणारास प्रत्येक भाग पारखून निवडता येतो आणि प्रत्येकाची हमी स्वतंत्र, बहुधा अधिक मुदतीची मिळते. मात्र यंत्र बंद पडले म्हणजे दोष कोणत्या भागाचा, याची रुजुवात त्यानेच करावयाची असते. तयार यंत्र घेणारा थोडे अधिक मोल देऊन ती जबाबदारी एका विक्रेत्याच्या शिरावर टाकतो. २०२०-२१ मध्ये एकीकडे कारखान्यांतील तुटवडा, तर दुसरीकडे आभासी चलनाच्या ‘खाणकामा’साठी झालेली ग्राफिक कार्डांची लूट, यांमुळे सुटे कार्ड मिळणेच दुरापास्त झाले, तेव्हा केवळ आतील कार्डासाठी लोक सबंध यंत्रे विकत घेत होते, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने खाणकामाची पद्धतच सोडून दिल्यावर ती झुंबड ओसरली, परंतु तयार यंत्राची सवय राहिली.

दुकानाच्या काचेवर यादी लावलेली होती: आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० जीबी एसएसडी, आरजीबी कॅबिनेट. यातील एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही एकही कलम पुरे नव्हते. विक्रेता ठळक अक्षरांत लिहितो तेथे सहसा लबाडी नसते; काटकसर केलेली असते ती अशा जागी, जिचा उल्लेखच यादीत नसतो. म्हणून असे यंत्र घेणाराने लिहिलेले वाचण्याआधी न लिहिलेले वाचावे, हे या खरेदीतले माझे मुख्य शिक्षण.

‘आय-फाइव्ह’ हे एका वस्तूचे नाव नसून घराण्याचे आहे. २०११ सालचा आय-फाइव्ह २४०० आणि २०२२ सालचा आय-फाइव्ह १२४००एफ हे दोघेही त्याच कुळातले, परंतु त्यांच्यात आजोबा-नातवाचे अंतर आहे. तेव्हा पूर्ण अंक आणि त्यामागील अक्षर मागून घ्यावे. शेवटी ‘एफ’ असल्यास त्या प्रोसेसरला स्वतःची चित्रशक्ती नसते, तो सर्वस्वी ग्राफिक कार्डावर विसंबतो. कार्डाची गोष्ट तर याहून नाजूक. एनव्हिडियाचे २०१६ मधील जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ जीबी व ३ जीबी अशा दोन रूपांत निघाले. फरक केवळ स्मृतीचा असावा असे नावावरून वाटे, प्रत्यक्षात मोठ्यात १२८० आणि धाकट्यात ११५२ गणनकेंद्रे होती. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी आणि ८ जीबी या आवृत्त्यांत स्मृतीकडे जाणारा मार्गच १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आला. सारांश, नुसता ‘८ जीबी’ हा आकडा म्हणजे घराचा पत्ता न देता खोल्यांची संख्या सांगण्यासारखे आहे.

रॅमच्या बाबतीत विचारावयाचे ते हे, की १६ जीबीची एकच पट्टी आहे की ८-८ च्या दोन. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या म्हणजे प्रोसेसरला स्मृतीकडे जाण्यास दुहेरी वाट मिळते, आणि पुष्कळ खेळांत तो फरक डोळ्यांस दिसतो. शिवाय पट्टीवर छापलेला वेग आपोआप लाभत नाही. इंटेलच्या व्यवस्थेत ‘एक्सएमपी’ आणि एएमडीच्या व्यवस्थेत ‘एक्सपो’ नावाची तरतूद बायोसमध्ये चालू करावी लागते, आणि ती बंद ठेवूनच यंत्र गिऱ्हाइकाच्या हवाली केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

यादीत ज्याचे नावही नव्हते तो भाग म्हणजे एसएमपीएस, भिंतीतील वीज यंत्राच्या पचनी पाडणारा डबा. सर्वांत हलका माल खपतो तो येथे, कारण याच्यामुळे कोणत्याही खेळाचा वेग वाढत नाही. मात्र हा बिघडला म्हणजे कित्येकदा शेजारच्या महाग भागांना बरोबर घेऊन जातो. त्यावरील ‘८० प्लस’ या खुणेचा अर्थ एवढाच, की ठरावीक भारांवर घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज कामी येते व उरलेली उष्णता होऊन जाते; तो कार्यक्षमतेचा दाखला आहे, दीर्घायुष्याचा नव्हे. म्हणून कंपनी, मॉडेल आणि वॅट ही तिन्ही लिहून घ्यावीत. कॅबिनेटची दिवेलागण पाहून भुलण्याऐवजी तिच्या दर्शनी भागास जाळी आहे की कोरी काच, हे पाहावे; समोरून हवा आत गेली नाही, तर आतील तापलेले भाग स्वतःचा वेग आपणच कमी करतात. काही बड्या कंपन्या तर आपल्या यंत्रांत स्वतःच्याच मापाचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस घालतात, त्यामुळे पुढे बाजारातील भाग त्यांत बसत नाहीत आणि १९९५ साली मिळालेले स्वातंत्र्य निमूटपणे परत जाते.

राहिला पावतीचा मामला. कच्च्या बिलावर घेतल्यास १८ टक्के जीएसटी वाचेल, अशी मखलाशी कानाशी केली जाते. परंतु हमीची भिस्त ज्या कागदावर, तोच कागद नाकारण्यासारखे हे आहे. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि अनुक्रमांक नमूद करून घ्यावेत, आणि हमी दुकानात वठणार की घरी, वाहतुकीचा खर्च कोणाचा, कॅबिनेट उघडून रॅम वाढविल्यास हमी टिकते काय, या शर्ती लेखी घ्याव्यात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते, आणि तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गाऱ्हाणे घालता येते. पण दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न पावतीचाच असतो. ज्यांच्या गावी वीज बेभरवशाची, त्यांनी हेही ध्यानी ठेवावे, की घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, आणि खेळ ऐन रंगात असता चांगले कार्ड असलेले यंत्र त्याहून अधिक मागू शकते.

ही सारी उलटतपासणी मी दुकानात केली. शेठजींनी कपाळाला आठी न घालता यादीच्या पाठीमागे एकेक कलम स्वहस्ते लिहून दिले, एक पट्टी काढून दोन बसविल्या, एसएमपीएस बदलून त्याचे अठराशे रुपये अधिक लावले आणि पक्के बिल फाडले. आम्ही विजयी मुद्रेने टॅक्सीत बसलो.

रात्री यंत्र लावले. पंखे फिरले, दिवे सप्तरंगी झाले, आणि पडदा काळाच राहिला. भाचा माझ्याकडे पाहू लागला, मी बिलाकडे. अखेर शेठजींना फोन केला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, पडद्याची केबल वर मदरबोर्डात घातली की खाली कार्डात?” ती वर होती, आणि वरचे तोंड ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरपाशी जाऊन मुके होते, हे त्याच दुपारी मी त्यांनाच समजावून सांगितले होते. भाच्याने केबल खाली लावली, पडदा उजळला, आणि मग शेठजींच्या हस्ताक्षरातील यादीच्या तळाशी त्याने पेन्सिलीने आणखी एक कलम लिहून ठेवले: ‘केबल – कार्डात. मामांना विचारू नये.’