ट्रॅक्टरमधले डबे एकमेकांशी बोलतात कसे?



शेतकी खात्याच्या माणसाने उसाचे सोडून गाडीच्या वायरींवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मागील हंगामात आमच्या गटात घडलेली एक गोष्ट मनातून गेली नव्हती. यंदा नवरात्रात ठाण्याला गेलो आणि तिचा उलगडा झाला. गळीत हंगाम तोंडावर आहे, म्हणून सांगून टाकतो.

गेल्या साली एका सभासदाच्या नव्या ट्रॅक्टरचा हुक फडातच तडकला. मागे दोन ट्रेलर भरून उभे. वेल्डिंगवाला जागेवर आला आणि म्हणाला, "साहेब, आधी बॅटरीच्या वायरी काढू का?" आम्हीच म्हटलं, "कशाला वेळ घालवता? आटपा लवकर, नंबर जाईल." हुक सांधला, पण ट्रॅक्टर काही चालू होईना. इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक डबा जळाला होता. नवा डबा येईपर्यंत अकरा दिवस गेले. ऊस दुसऱ्या ट्रॅक्टरने आणला, तोवर तो वाळला, वजनात मार बसला. कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. त्या सभासदांनी आम्हाला बोल लावला नाही, पण चूक आमचीच होती.

टेंभी नाक्यावरचा धडा

ठाण्याला आमचा पुतण्या असतो. देवीच्या दर्शनाला म्हणून त्याच्या मोटारीतून टेंभी नाक्याकडे निघालो. नवरात्रात तिथली गर्दी काय वर्णावी! त्या गर्दीतच मोटार बंद पडली. समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, काटे शून्यावर आले, चावी फिरवली तरी इंजिन घेईना. "काका, परवा एकाने सांगितलं होतं, इंजिनाचा डबाच बदलावा लागेल म्हणून," पुतण्या रडवेला झाला. चार पोरांनी ढकलत मोटार गल्लीतल्या गॅरेजात नेली.

तिथले वस्ताद साठीचे असावेत. त्यांनी बॅटरी सोडवली, स्टेअरिंगखालच्या खोबणीत मीटरच्या दोन पिना घातल्या आणि म्हणाले, "साठ दाखवायला पाहिजे, एकशेवीस दाखवतंय. डबा चांगला आहे साहेब, वायर तुटलीय कुठं तरी." अर्ध्या तासात सापडली. बॉनेटखाली उंदराने कुरतडली होती! वस्तादांनी दोन्ही वायरी झाळून पुन्हा पहिल्यासारखा पीळ दिला. मीटरवर साठ आले, मोटार सुरू झाली. हजारोंचा डबा वाचला.

एकच पाट, सगळ्यांचे पाणी

वस्तादांनी चहा घेता घेता जे समजावले ते असे. पूर्वी प्रत्येक दिव्याला, काट्याला वेगळी वायर असे. पुढे इंजिनाला एक डबा, ब्रेकला एक, काट्यांना एक, असे डबे वाढले. प्रत्येकाची प्रत्येकाला वायर ओढायची तर गाडीत तांब्याचं जंगलच होईल. यावर जर्मनीच्या बॉश कंपनीने तोड काढली आणि ती फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे जगापुढे मांडली. तिला 'कॅन' म्हणतात. पीळ दिलेल्या दोनच वायरी, आणि सगळे डबे त्यांनाच जोडलेले.

हा कारभार वायरलेससारखा आहे. एक बोलतो, सगळे ऐकतात, ज्याला गरज असेल तो घेतो. ब्रेकचा डबा चाकाचा वेग सांगतो. काट्याचा डबा तो दाखवतो, इंजिनाचा डबा तोच आपल्या हिशेबाला घेतो. निरोपावर कोणाचे नाव नसते, विषयाचा नंबर असतो.

दोघे एकदम बोलले तर? आपल्या वजनकाट्यावर जसा लहान नंबर आधी, तसेच इथे. प्रत्येक डबा बोलतानाच वायर ऐकत असतो. आपण 'एक' म्हटले आणि वायरीवर 'शून्य' ऐकू आले, की तो समजतो, आपल्याहून तातडीचा निरोप चालू आहे. तो गप्प बसतो, मागाहून बोलतो. पहिल्याचा निरोप जराही बिघडत नाही. ट्रॅक्टर-ट्रकच्या गाड्यांत बहुधा सेकंदाला अडीच लाख ठोके या वेगाने हे चालते.

वायरी दोन का? एकीवर दाब वाढतो तेव्हा दुसरीवर तेवढाच उतरतो, आणि डबे फक्त दोहोंतला फरक वाचतात. बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोन्हींवर सारखाच येतो, म्हणून फरकात तो उरत नाही. पाटाच्या टोकाला जसा बांध लागतो, तसा दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो. दोन्ही शाबूत तर मीटरवर ६०, मधेच वायर तुटली तर १२०. वस्तादांची मेख ती हीच.

जो डबा वारंवार चुकीचे बोलतो, तो चुका मोजून शेवटी स्वतःच गप्प बसतो, म्हणजे बाकीच्यांचे काम अडत नाही. हा शहाणपणा माणसांत असता तर सभा लवकर संपल्या असत्या!

आपल्याला याचे काय?

५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक डबे आले. ऊसतोडणी यंत्रांतही ते आहेत. तेव्हा हंगामापूर्वी एवढे करावे :

१) वेल्डिंगपूर्वी इंजिन बंद करून बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात. वेल्डिंगची अर्थिंग सांध्याच्या अगदी जवळ लावावी. डब्यांचे कनेक्टर काढण्याबाबत ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिले असेल तसे करावे.

२) टेप, जादा दिवे, भोंगा यांसाठी पिळाच्या वायरी कापू किंवा सोलू नयेत.

३) ट्रॅक्टर धुताना डबे व कनेक्टर यांवर जोराची धार मारू नये.

४) उभ्या ट्रॅक्टरात उंदीर घर करतात. आठवड्याला एकदा बॉनेट उघडून पाहावे.

५) सगळे दिवे एकदम पेटले तर डबा बदलण्याआधी बॅटरीची टोके, फ्यूज, अर्थिंग व वायरी तपासून घ्याव्यात. "आधी मीटर लावून दाखवा" असे मेकॅनिकला बिनदिक्कत सांगावे.

परत आल्यावर आम्ही त्या सभासदांच्या वस्तीवर गेलो आणि हे सारे त्यांना सांगितले. ते एवढेच म्हणाले, "साहेब, हे पेपरात लिहा. दुसऱ्याचं तरी वाचंल."

म्हणून लिहिले. यंदा फडात वेल्डिंगवाला आला, तर नंबर गेला तरी चालेल, पण आधी बॅटरी सोडवा. नंबराचे आम्ही पाहून घेऊ.